ड्रमवरचं पान

मुलांनो, माझ्याबरोबर एक जागा डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा.

तांबूस वाळू आहे. ती कुठे चढते, कुठे उतरते. मध्ये मध्ये घाफची झाडं उभी आहेत. आपल्याकडे ज्याला शमी म्हणतात तेच हे झाड. एका मोठ्या घाफच्या सावलीत जाळीचं कुंपण घातलेला शेळ्यांचा गोठा आहे. त्याच्या पलीकडे पाण्याची टाकी, खजुराच्या रांगा आणि चाऱ्याची हिरवी पट्टी. कुंपणापासून थोडं दूर, उघड्यावर, एक जुना लोखंडी ड्रम पालथा घातलेला आहे. गंजलेला, तुमच्या छातीपर्यंत येईल एवढा उंच. आता वर बघा. आकाश अगदी रिकामं आहे. आखातातल्या अजमान शहरात समुद्राकाठी कावळे पुष्कळ दिसतात, मासळीबाजारावर तर त्यांचं राज्यच असतं. पण इथे, समुद्रापासून लांब, धैद गावाजवळच्या वाळूत, कावळा दिसत नाही.

या जागेला तिथे इझबा म्हणतात. म्हणजे जनावरं ठेवायची जागा. तिचे मालक अबू ओबेद नावाचे वयस्कर अरब गृहस्थ होते. ते शुक्रवारी नमाजानंतर येत, घाफखाली चटई टाकून कॉफी पीत आणि शेळ्यांकडे बघत बसत. शेळ्या विकून त्यांना काही मिळवायचं नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या शेळ्या होत्या, म्हणून त्यांच्याही होत्या.

सगळा कारभार धनंजय बघायचा. हा आपल्या गोष्टीतल्या मिहिकाचा बाबा. तो शेतीचं शिकलेला, कऱ्हाडजवळच्या एका गावचा. घर अजमानला, कारण मिहिकाची शाळा तिथे होती. रोज सकाळी गाडी काढून तो इझब्यावर जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. रात्रंदिवस तिथे राहायचा तो किसन. माण तालुक्यातला धनगर, केस पांढरे झालेला, अंगाने काटक. धनंजय त्याला किसनदादा म्हणायचा आणि तो धनंजयला सायेब. दोघांनीही एकमेकांना हे बदलायला सांगून पाहिलं होतं, पण जमलं नव्हतं.

आता त्या ड्रमचं सांगतो.

आदल्या वर्षी मिहिकाचे आजोबा, वासुदेव, गावी वारले. नेमकं त्या वेळी धनंजयचं व्हिसाचं काम चालू होतं आणि पासपोर्ट हातात नव्हता. तो गेला नाही, म्हणजे त्याला जाता आलं नाही. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, पण ज्याचे वडील गेले आहेत त्याला ती वेगळी वाटत नाहीत. सगळं त्याच्या धाकट्या भावाने केलं. दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि मंडळी कावळ्याची वाट बघत बाजूला उभी राहिली. तुमच्यातल्या काहींनी हे पाहिलं असेल. कावळ्याने येऊन पिंडाला चोच लावली की गेलेल्या माणसाचं मन शांत झालं, असं आपल्याकडे मानतात. नाही लावली, तर त्याचं काहीतरी राहून गेलं म्हणतात.

भावाने फोनचा कॅमेरा पिंडाकडे धरला होता. धनंजय इकडे अजमानच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून बघत होता. झाडावर कावळे होते. एक खाली आला, जवळ आला, आणि उडून गेला. भावाने हात जोडून आजोबांना सांगितलं की आईची काळजी करू नका, तिला आम्ही बघू. कुणी म्हणालं की विहिरीचं काम पुरं करू असं सांग. तेही सांगून झालं. कावळा आला नाही. मग कुणीतरी हळूच म्हणालं, मोठ्याचं नाव घ्या. फोनवर ते ऐकू आलं. भावाने नाव घेतलं. तरीही कावळा आला नाही. ऊन वाढलं, बायामाणसं थकली, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून विधी पुरा केला.

धनंजयने फोन बंद केला, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस तो जेवताना बोलेनासा झाला. मिहिका तेव्हा चौथीत होती. बाबा रागावलेत का, असं तिने आईला, सुचित्राला, विचारलं होतं. सुचित्रा म्हणाली की रागावले नाहीत, त्यांना वाईट वाटतंय. पण एवढे दिवस वाईट वाटू शकतं, हे मिहिकाला माहीत नव्हतं.

यंदा पितृपक्ष आला. अजमानच्या इमारतीत खिडकीबाहेर अन्न ठेवलं की वॉचमन तक्रार घेऊन येतो, आणि गच्चीला कुलूप. म्हणून सुचित्राने आजोबांच्या तिथीचा स्वयंपाक करून डब्यात भरला, रोल्ला बाजारातल्या दुकानातून आणलेली पत्रावळ दिली आणि इझब्यावर ठेवून या म्हणाली. धनंजयने दुपारी त्या पालथ्या ड्रमवर पान वाढलं. लांब घाफवर त्याला एकदा एक काळा पक्षी दिसला होता, त्याच्या भरवशावर. संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही. तो तसाच घरी निघून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रावळ रिकामी होती. एक शीतसुद्धा उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा घरी आला तो वेगळाच. मिहिका आता उचलून घेण्याएवढी लहान नव्हती, तरी त्याने तिला उचललं. आजोबा जेवले, असं तो सुचित्राला म्हणाला, आणि जेवताना त्याने आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. ते बैलांना नावं कशी ठेवायचे, कारल्याची भाजी त्यांच्याइतकी आवडीने कुणीच कशी खात नसे. वर्षभर या घरात त्यांचं नाव निघालं नव्हतं.

तेव्हापासून रोज दुपारी डबा उघडला की आधी एक घास ड्रमवर जाऊ लागला. पितृपक्ष संपला, दसरा झाला, दिवाळी झाली, घास चालूच राहिला. थोडा भात, त्यावर वरण, भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा, असेल ती भाजी. रोज सकाळी पान रिकामं. आणि बाबा पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला.

थंडी पडली तशा शेळ्या व्यायला लागल्या.

मिहिकाला हिवाळ्याची सुट्टी लागली होती. ती रोज बाबाबरोबर इझब्यावर येऊ लागली. तिचं मराठी थोडं इंग्रजीत, थोडं हिंदीत सांडलेलं असे, आणि किसनकाका तिच्याशी माणदेशी बोलत. तरी दोघांचं छान चालायचं. शेळीचं कासेतलं पहिलं दूध पिल्लाला का पाजायचं, नाळेला औषध कसं लावायचं, हे काकांनी तिला दाखवलं. पहिली व्याली ती शेरी नावाची शेळी. एकच पिल्लू, तपकिरी, कानांवर पांढरे ठिपके. मिहिकाने त्याचं नाव बिस्किट ठेवलं. काका म्हणाले, नाव चांगलं हाय, फकस्त चहाजवळ नेऊ नगा.

चौथ्या दिवशी सकाळी बिस्किट नव्हतं.

शेरी जाळीला तोंड लावून ओरडत होती. जाळीच्या खालून वाळू उकरलेली होती. खड्डा फार मोठा नव्हता. मांजर निघेल त्याहून थोडा जास्त. बाहेर थोडे केस होते आणि ओढत नेल्याची रेघ. मिहिकाने ते पाहू नये म्हणून बाबाने तिला गाडीकडे नेलं, पण तिने पाहिलं होतं.

धनंजयला वाटलं, हायवेवरून भटकी कुत्री आली असणार. दोघा पुरुषांनी दिवसभर काम केलं. जाळीच्या बुडाशी सिमेंटचे ठोकळे लावले. कोपऱ्यात दिवा लावला. माणसाचा आवाज ऐकून जनावर बिचकतं म्हणून किसनने आपला रेडिओ गोठ्याशी टांगला आणि रात्रभर तो कुणाच्या तरी अरबी गप्पा शेळ्यांना ऐकवत राहिला.

पुढच्या आठवड्यात दुसरी शेळी व्याली आणि तिचंही पिल्लू गेलं. ठोकळ्यांच्या मधल्या फटीतून, दिव्याच्या उजेडात, रेडिओ चालू असताना.

अबू ओबेद शुक्रवारी आले. कॉफी न पिता गोठ्याभोवती फिरले. खड्डा पाहिला. ते चिडणारे नव्हते. किसनकडे वळून त्यांनी हिंदीत, हसल्यासारखं करत विचारलं, "किसन, बुड्ढा हो गया क्या? नींद आता है?" किसनही हसला. मग ते धनंजयला म्हणाले की जे गेलं ते खलास, आता राणीचं तरी नीट होऊ दे, इन्शाल्ला. राणी म्हणजे त्यांच्या वडिलांच्या शेळ्यांच्या वंशातली शेवटची. काळीभोर, आता पोट एवढं मोठं की दोन पिल्लं नक्की, असं काका म्हणायचे. गेल्या दोन वर्षांत तिची पिल्लं जगली नव्हती. यंदाची जगली नाहीत तर पुढे ती विणार नव्हती. तिचं वय झालं होतं.

अबू ओबेद गेल्यावर किसन बराच वेळ टाकीपाशी हात धूत होता. मिहिका जवळ गेली तर त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

आता एका सकाळचं ऐका.

पाण्याचा टँकर लवकर येणार होता, म्हणून बाबा आणि मिहिका नेहमीपेक्षा बरेच आधी निघाले. धुकं होतं. धैदकडच्या रस्त्यावर गाड्या दिवे लावून हळूहळू सरकत होत्या. इझब्यावर पोचले तेव्हा धुकं विरळ होत होतं. बाबा टँकरवाल्याला फोन करत पंपाकडे गेला. मिहिका राणीला बघायला गोठ्याकडे निघाली. वाटेत ड्रम होता. तिने सहज पाहिलं. पत्रावळ रिकामी, नेहमीसारखी.

पण खाली वाळू नेहमीसारखी नव्हती.

रोज ती ड्रमभोवतीची वाळू पाहायची तेव्हा तिथे खराट्याच्या रेघा असायच्या, अंगण झाडल्यासारख्या. तिला वाटायचं की काका आजोबांसाठी जागा स्वच्छ ठेवतात. आज रेघा नव्हत्या. आज ओलसर वाळूवर पावलं होती. छोटी, नेटकी, पुढे नखांचे टोकदार ठिपके. एका ओळीत, दोरीवरून चालावं तशी. ती घाफच्या मागून येत होती, ड्रमला एक फेरी घालत होती, आणि मग ड्रमच्या अंगावर, गंजात, पांढरे ओरखडे होते. नवे आणि जुने. वर चढताना नखं घासली होती. तिथून पावलं सरळ गोठ्याच्या जाळीकडे जात होती आणि जाळीच्या कडेकडेने, थांबत थांबत, पूर्ण फेरी मारून परत गेली होती.

पाठीमागे चाहूल लागली. किसनकाका हातात खराटा घेऊन उभे होते.

ते म्हणाले की आज लवकर आलात. मग तिला बाजूला व्हा म्हणाले, जागा झाडायची आहे. मिहिका हलली नाही.

"काका, हे कावळ्याचे पाय नाहीत."

"असतील कशाचं तरी."

"फॉक्स आहे ना? नखं दिसतात."

काकांनी खराटा खाली टेकवला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. "खोकड हाय," ते म्हणाले. "पैल्या दिवसापासनं तेच येतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ठावं होतं."

"मग तुम्ही रोज झाडून टाकता? बाबांना दिसू नये म्हणून?"

काका पंपाकडे बघत हळू बोलले. "ताई, पैल्या दिशी रिकामं पान बघून तुमचं बाबा हितंच वाळूत बसलं. रडलं. मग हसलं. वडील जेवून गेलं म्हणाले. वरीसभर त्या माणसाच्या तोंडावर म्या हसू पायलं नव्हतं. त्यास्नी कसं सांगू, तुमचा बाप न्हाई, खोकड जेवून गेलं?"

मिहिकाने बिस्किटचं नाव घेतलं. एवढंच.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं की त्यांना वाटलं होतं, रोज पोटभर मिळतंय तर ते शेळ्यांकडे कशाला बघेल. उलट ते आसपास असलं की उंदीर तरी कमी होतील. हा हिशेब चुकला. जनावर रोज एका जागी जेवायला आलं की त्या जागेची त्याला भीती उरत नाही. माणसाचा वास, दिवा, रेडिओ, सगळं त्याला ओळखीचं झालं. मग पिल्लाचा वास आला, तेव्हा ते थांबलं नाही. ते कशाला थांबेल? त्याचा काय दोष?

"मग आता तरी सांगा."

"तुमी बी सांगू नगा," काका म्हणाले. "आज म्या जाळी बाहेरून जमिनीत गाडतो. गुडघाभर खोल. रात्रभर बसतो हितं. राणीजवळ झोपतो."

"रोज?"

खराटा उचलून काकांनी झाडायला सुरुवात केली. ओळीतली पावलं एकेक करून पुसली गेली आणि वाळूवर रेघा उमटल्या.

मिहिका राणीजवळ जाऊन बसली. राणी उठत होती, बसत होती, पुढच्या पायाने पेंढा ओरबाडत होती. तिच्या शेपटीजवळचे दोन्ही खड्डे खोल झाले होते. काकांनी शिकवलं होतं, हे झालं की फार वेळ उरलेला नसतो. आज नाहीतर उद्या. मिहिकाने तिच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी सरकलं.

तुम्ही तिच्या जागी असता तर काय विचार केला असता? तिने काय केला, ते तिने मला पुढे सांगितलं. तिला वाटलं, बाबा पुन्हा जेवताना गप्प बसेल. ती आठवून बघत होती की मागच्या वर्षी तो किती दिवस गप्प होता, आणि तिला शेवट आठवत नव्हता. मग तिला वाटलं, आजोबा आता गेलेलेच आहेत, पण ही आत सरकणारी पिल्लं अजून यायची आहेत. मग असा विचार केल्याबद्दल तिला आजोबांपुढे लाज वाटली. ती त्यांना फार कमी ओळखत होती. त्यांच्या हाताला तंबाखूचा वास यायचा आणि ते तिला मिहीबाई म्हणायचे, एवढंच तिच्याजवळ होतं.

टँकर आला, टाकी भरली, गेला. दुपार झाली.

घाफखाली बाबाने डबा उघडला. आधी नवी पत्रावळ काढली. भात मांडला, मधोमध खळगा करून वरण घातलं. भाकरीचा चतकोर. आज कारल्याची भाजी होती. बाबा ती वाढताना थोडा हसला आणि म्हणाला की आज स्वारी खूश होणार. तो पान दोन्ही हातांवर घेऊन उठला. मिहिका त्याच्याबरोबर चालू लागली. काका जाळीशी खड्डा खणत होते. त्यांनी फावडं थांबवलं.

ड्रमजवळ पोचायच्या आधी ती म्हणाली, "बाबा, कावळा येत नाही."

"येतो गं. आपण नसताना येतो."

"फॉक्स येतो. मी फुटप्रिंट्स पाहिले. ड्रमवर त्याचे स्क्रॅचेस आहेत. तो इथे खातो आणि मग जाळीकडे जातो. बिस्किटला त्यानेच नेलं."

बाबा उभा राहिला. पान हातावर तसंच. त्याने ड्रमकडे पाहिलं, मग वाकून त्याच्या अंगाकडे. ओरखडे उन्हात स्पष्ट दिसत होते. ते त्याला इतके दिवस दिसले नसतील, असं मला वाटत नाही. पण काही वेळा आपण एखाद्या गोष्टीकडे रोज बघतो आणि ती पाहत नाही. त्याने किसनकडे मान वळवली. बाबाने काही विचारायच्या आधीच किसनने मान खाली घातली, आणि एवढ्याने सगळं कळलं.

बाबा ओरडला नाही. बराच वेळ तो तिथे उभा होता. वरण भातातून झिरपून पत्रावळीच्या कडेला आलं आणि त्याच्या मनगटावरून ओघळलं.

"त्या दिवशी घाटावर सगळे थांबले होते, मिहू," तो म्हणाला. "तो झाडावर बसला होता. मला दिसत होता फोनमध्ये. माझं नाव घेतलं तरी तो उतरला नाही."

ती म्हणाली, "आय नो, बाबा."

"इथे कुणीतरी खाऊन जात होतं. मला तेवढंच पुरत होतं."

मग तो पुढे झाला आणि त्याने पान ड्रमवर ठेवलं. ठेवताना पान जरा कललं आणि भाताची काही शितं कडेवरून खाली वाळूत पडली. त्याने हात जोडले. "आजचा दिवस राहू दे," तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. "उद्यापासून बघू."

तो ड्रमकडे पाठ करून घाफखाली जाऊन बसला. डब्याचं झाकण त्याने पुन्हा लावलं. काकांनी फावडं उचललं नाही. गोठ्यातून राणीचा आवाज आला. हा आवाज नेहमीचा नव्हता. लांब, खालच्या स्वरातला, पोटातून आलेला. काका लगबगीने आत गेले आणि आतूनच म्हणाले की आज व्हणार, संध्याकाळपातूर व्हणार.

मिहिकाने बाबाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. मग तिने ड्रमकडे पाहिलं. पानावरचा भात उन्हात चमकत होता आणि कारल्याचा वास येत होता. वारा घाफच्या मागे वाहत होता, जिथून ती पावलं आली होती.

ती टाकीपाशी गेली. तिथली बादली तिने आणली, ड्रमजवळ पालथी घातली आणि पान तिरकं होऊ नये म्हणून तिच्यावर चढली. आजोबांचं पान तिने दोन्ही हातांनी उचललं, बाबाने धरलं होतं तसंच, आणि न हिंदकळू देता खाली उतरली. बाबाने मान वर केली होती. ती थांबली नाही. घाफखाली जाऊन तिने पान त्याच्या समोर चटईवर ठेवलं, आणि त्याच्या हाताला हात लावून म्हणाली, "आजोबांना सांग, मी उचललं."

तो काय म्हणतो हे ऐकायला ती थांबली नाही. ती ड्रमपाशी परत आली, वाळूत गुडघे टेकून बसली, आणि सांडलेली शितं एकेक करून वेचायला लागली.